दहापैकी किती? : व्हिडिओ गेमचे समीक्षक, त्यांचे निकाल आणि आपण

मराठी छापील मजकुरात व्हिडिओ गेम हा विषय बहुधा दोनच निमित्ताने येतो. एक, मुलांना लागलेल्या वेडाची बातमी. दुसरे, या धंद्यातील कोट्यवधींच्या उलाढालीची बातमी. पहिलीत गेम म्हणजे रोग असतो, दुसरीत माल. एखादा गेम चांगला की वाईट, चांगला असल्यास कशामुळे, त्यात काय नवे आहे, तो खेळणाऱ्याला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, या अंगाने मराठीत फारच थोडे लिहिले जाते. कादंबरी, नाटक, चित्रपट आणि आता वेबमालिका यांना आपण परीक्षणाचा हक्क दिला. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावातला शाळकरी मुलगाही ज्या कलाप्रकारात रोज तास-दोन तास घालवतो, त्याला मात्र दिलेला नाही.

बाहेरच्या जगात अशी समीक्षा चाळीसहून अधिक वर्षे चालू आहे. तिच्यात भांडणे झाली, नोकऱ्या गेल्या, निकाल फिरले, मानदंड बदलले. या लेखात त्या निकालांचा थोडा मागोवा घ्यायचा आहे. समीक्षकांनी कोणते गेम डोक्यावर घेतले आणि कोणते नाकारले, पुढे काळाने त्या निकालांचे काय केले, आणि आपल्या भागातील खेळणाऱ्यांचा कौल त्यांच्याशी कुठे जुळला व कुठे जुळला नाही, असे हे तीन प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांतूनच चौथा प्रश्न पुढे येतो : मराठीत अशी समीक्षा व्हायची असेल, तर ती कोणत्या पायावर उभी राहावी?

गुणपत्रिकेचा जन्म

ब्रिटनमध्ये १९८१ च्या नोव्हेंबरात ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ हे मासिक निघाले. जपानमध्ये १९८६ साली पुढे ‘फामित्सू’ नावाने प्रसिद्ध झालेले नियतकालिक सुरू झाले. फामित्सूची पद्धत आजही सांगितली जाते : एका गेमला चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम निघायला १९९८ साल उजाडावे लागले. तो होता निन्टेन्डोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’. ब्रिटनचे ‘एज’ हे मासिक १९९३ साली निघाले आणि त्याने दहापैकी दहा पहिल्यांदा दिले ते १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ ला.

पुस्तकाच्या परीक्षणाला सहसा गुण नसतात, गेमच्या परीक्षणाला मात्र जन्मापासून आहेत. याचे कारण किमतीत आहे. गेमची कॅसेट किंवा तबकडी महाग असे, विकत घेण्यापूर्वी ती चाळून पाहण्याची सोय नसे, आणि विकत घेणारा बहुधा खाऊचे पैसे साठवणारा मुलगा असे. त्याचा प्रश्न सरळ होता : घ्यावा की घेऊ नये? म्हणून सुरुवातीची समीक्षा ही खरे तर ग्राहक-मार्गदर्शिका होती. चित्रे, आवाज, खेळण्याची सहजता, टिकाऊपणा असे रकाने पाडून प्रत्येकाला गुण द्यायचे आणि खाली बेरीज करायची. फ्रीज किंवा मोटारसायकलचे परीक्षण असेच होते.

या पद्धतीत एक गंमत दडली होती. दहापैकी पाच म्हणजे मध्यम, असे गणित सांगते. प्रत्यक्षात गेमच्या दुनियेत मध्यम म्हणजे सात ठरले. सहा मिळाले म्हणजे गेम पडला. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. दहावीच्या निकालात पंच्याऐंशी टक्केवाल्याच्या घरी पेढे वाटताना आई-वडील थोडे अवघडलेले असतात, तोच हा प्रकार. मोजपट्टीचा खालचा अर्धा भाग वापरातून गेला, की वरच्या भागातील एका गुणाला भलतीच किंमत येते.

सरासरीचा कारखाना

ही किंमत किती वाढली, ते २००१ साली सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने दाखवून दिले. निरनिराळ्या समीक्षकांचे गुण गोळा करून, ते शंभरच्या पट्टीवर आणून, त्यांची सरासरी काढायची असे त्याचे काम. ही सरासरी साधी नसते. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन असते, आणि ते वजन नेमके किती हे सांगितले जात नाही. निकाल रंगांत दाखवतात. येथे लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की चित्रपटाला एकसष्टपासून हिरवा रंग मिळतो, तर गेमला तो पंच्याहत्तरपासून मिळतो. सत्तर गुणांचा चित्रपट पाहण्याजोगा ठरतो आणि सत्तर गुणांचा गेम पिवळ्या, संशयाच्या रकान्यात जातो. सातला मध्यम मानण्याची सवय येथे नियमच बनून बसली.

‘ओकारिना ऑफ टाइम’ या यादीत ९९ गुणांसह शिखरावर आहे. २००८ चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ ९८ वर आहे. हे आकडे पाहून थक्क होण्याआधी ‘फॉलआउट : न्यू वेगास’ची कथा ऐकावी. ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओने केलेला हा गेम २०१० च्या ऑक्टोबरात आला. अणुयुद्धानंतरच्या वाळवंटातील सत्तास्पर्धेची ही गोष्ट. समीक्षकांनी तिचे लेखन वाखाणले आणि तांत्रिक चुकांबद्दल गुण कापले. सरासरी ८४ आली. पुढे २०१२ साली स्टुडिओच्या एका प्रमुख लेखकानेच सांगितले, की ८५ गुण मिळाले असते तर स्टुडिओला जादा मोबदला मिळणार होता. एका गुणाने तो गेला. आज भूमिकाप्रधान गेमची चर्चा निघाली, की ‘न्यू वेगास’चे नाव त्यातील सर्वोत्तम लेखनाचा नमुना म्हणून घेतले जाते.

परीक्षकाने वाचकासाठी टाकलेला आकडा अशा रीतीने कारागिराच्या पगाराची अट होऊन बसला. आकड्याला एवढी ताकद आल्यावर त्याच्यावर दाब येणार, हेही ओघाने आले. २००७ च्या नोव्हेंबरात ‘गेमस्पॉट’चे संपादक जेफ गर्स्टमन यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमला दहापैकी सहा दिले होते आणि त्याच गेमची मोठी जाहिरात त्याच ठिकाणी झळकत होती. त्या काढून टाकण्यामागे जाहिरातदाराची नाराजी होती, हे खुद्द गर्स्टमन यांनी २०१२ साली उघडपणे सांगितले. जाहिरात व परीक्षण एकाच पानावर नांदू लागले की काय होते, याची उदाहरणे नाटक-सिनेमाच्या क्षेत्रात आपणही पाहिली आहेत.

काळाने फिरवलेले निकाल

समीक्षकांचा निकाल आणि काळाचा निकाल यांच्यातील अंतर हा साहित्याच्या अभ्यासकांचा जुना विषय आहे. गेमच्या बाबतीत त्याला एक वेगळा पीळ पडतो, कारण येथे निकाल दिल्यानंतर कलाकृतीच बदलू शकते.

१९८२ च्या नाताळसाठी अटारीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम अवघ्या पाचेक आठवड्यांत तयार करून घेतला. तो इतका पडला, की न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथे उत्खनन होऊन त्या बाहेरही काढल्या गेल्या. तो गेम जसा होता तसाच राहिला, म्हणून त्याच्यावरचा निकालही राहिला.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’चे नशीब वेगळे निघाले. ब्रिटनमधील एका लहान स्टुडिओचा हा गेम गणिती सूत्रांतून अब्जावधी ग्रह निर्माण करतो आणि खेळणारा त्यांवर भटकतो. प्रसिद्धीच्या काळात जे जे सांगितले गेले, त्यातले बरेच काही पहिल्या दिवशी गेममध्ये नव्हते. समीक्षकांनी मध्यम गुण दिले, खेळणाऱ्यांनी शिव्या दिल्या. स्टुडिओ गप्प बसून काम करीत राहिला आणि एकामागून एक मोठ्या सुधारणा फुकट देत गेला. ‘स्टीम’ या विक्रीमंचावर ज्याच्या नावापुढे एके काळी अत्यंत नकारात्मक असा शेरा होता, त्याच गेमच्या एकूण मतांचा शेरा २०२४ साली अत्यंत सकारात्मक झाला. ही परतफेड पूर्ण व्हायला आठ वर्षे लागली. २०१६ चे परीक्षण चुकले म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही, कारण त्या परीक्षकासमोर जो गेम होता, तो आज अस्तित्वातच नाही.

‘सायबरपंक २०७७’ हे तिसरे उदाहरण परीक्षणाच्या पद्धतीवरच बोट ठेवते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओचा हा बहुचर्चित गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना फक्त संगणकावरची प्रत दिली गेली आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये परीक्षणात दाखवण्यास मनाई होती. भारी संगणकांवर गेम चांगला चालला आणि गुण चांगले पडले. प्रत्यक्षात ज्यांनी जुन्या प्लेस्टेशनसाठी तो घेतला, त्यांच्या हाती धड न चालणारी वस्तू आली. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. २०२३ च्या सप्टेंबरात मोठ्या दुरुस्तीनंतर त्याच गेमची वाहवा झाली. पहिल्या परीक्षणांत कुणी खोटे लिहिले नव्हते. पण वाचकाच्या घरी जे यंत्र आहे त्यावर परीक्षकाने गेम पाहिला नव्हता. हा मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याकडे पुन्हा येऊ.

जनतेचा कौल आणि जमावाचा कौल

समीक्षकांवर विश्वास नको, खेळणाऱ्यांनाच विचारा, असे म्हणणारा पक्ष नेहमी असतो. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण १९ जून २०२० ची घटना ध्यानात घ्यावी. त्या दिवशी ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला. समीक्षकांची सरासरी होती शंभरपैकी ९३. सर्वसामान्यांच्या मतांची सरासरी काही तासांतच दहापैकी चारच्याही खाली गेली. हा गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो पूर्ण खेळलेला असणे शक्यच नव्हते. कथेतील काही भाग आधीच फुटला होता, एका लाडक्या पात्राचे काय झाले हे कळले होते, आणि राग व्यक्त करण्याचे साधन म्हणून गुणांचा वापर झाला. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला, की गेम आल्यावर छत्तीस तास सर्वसामान्यांची मते घेतली जाणार नाहीत.

आपल्याकडे याचे प्रतिबिंब २०२१ च्या जानेवारीत दिसले. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’सह ११८ अॅपवर बंदी घातली. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सचा ‘फौजी’ अर्थात ‘फौ-जी’ जाहीर झाला आणि प्रजासत्ताक दिनी तो उपलब्ध झाला. गलवान खोऱ्याची पार्श्वभूमी, देशभक्तीची हाक, अक्षयकुमारची जाहिरात. अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या. सुरुवातीला मिळालेले भरघोस तारे काही दिवसांतच झपाट्याने उतरले. उतरवणाऱ्यांत दोन गट होते. एका गटाला पबजी परत हवा होता आणि तो या पोरक्या गेमवर राग काढत होता. दुसऱ्या गटाची तक्रार रास्त होती : त्यात हाणामारीचा एकसुरी क्रम होता आणि ज्यासाठी लोक थांबले होते तो अनेकांनी एकत्र खेळण्याचा भाग नव्हता. ताऱ्यांच्या सरासरीत हे दोन्ही आवाज एकजीव झाले. ते वेगळे करून सांगणारे परीक्षण हवे होते. तारा किती, हे सरासरी सांगते; तारा का गेला, हे लिहिणाऱ्यालाच सांगावे लागते.

आमच्या गावचा निकाल

आता आपल्या भागाकडे येऊ. मुदखेड हे जंक्शनचे गाव. एक रूळ नांदेडकडे, एक आदिलाबादकडे, एक निजामाबादवरून सिकंदराबादकडे. बाजारातल्या नव्या वस्तू या रुळांवरून येतात, जशी इथली फुले त्यांच्यावरून बाहेर जातात. नव्वदीच्या दशकात मराठवाड्यातील गावांत टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आले. मूळ जपानी यंत्राच्या या नकला. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर शेकडो गेम असल्याचा दावा असे आणि प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून निघत. ‘मारिओ’, ‘काँट्रा’ आणि रणगाड्यांचा गेम ही त्यांतली सर्वांना पाठ असलेली नावे. तासावर पैसे घेणारी पार्लरे निघाली, मग सायबर कॅफे आले.

या पिढीने कोणतेही परीक्षण वाचले नव्हते. तिचा निकाल दोन खुणांनी कळे : कोणत्या खुर्चीमागे गर्दी आहे, आणि कोणता गेम दुसऱ्या दिवशीही मागितला जातो. या निकालाची पाश्चात्त्य समीक्षकांच्या निकालाशी तुलना केली, तर दोन उदाहरणे फार बोलकी ठरतात.

पहिले ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा हा गेम २००० च्या अखेरीस आला. एकटा हेर, बर्फाळ तळ, लांबून नेम धरायचा आणि आत शिरायचे. तेथील समीक्षकांनी मोकळ्या विस्ताराचे व आवाजाचे कौतुक केले आणि दोष नेमके दाखवले : मोहिमेच्या मध्यात खेळ जतन करता येत नाही, शत्रूंना अक्कल बेताची, मित्रांसह खेळण्याची सोय नाही. गुण मध्यम पडले आणि पश्चिमेत तो गेम विस्मरणात गेला. भारतात मात्र एका पिढीच्या आठवणीतला तो मोठा गेम आहे. याचे कारण शोधताना त्याच दोषांकडे वेगळ्या बाजूने पाहावे लागते. कॅफेच्या सामायिक संगणकावर आपला जतन केलेला खेळ उद्या सापडेल याची खात्री कुणाला होती? मध्यात जतन करता येत नाही ही उणीव तेथे जाणवतच नव्हती. एक जण खेळे आणि मागे उभे असलेले चार जण कॅमेरा कुठे आहे, पहारेकरी कुठून येतो हे सांगत. मित्रांसह खेळण्याची सोय त्या खोलीनेच करून दिली होती. शिवाय साध्या संगणकावर तो चाले.

दुसरे उदाहरण ‘क्रिकेट ०७’. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससाठी कॅनडातील एचबी स्टुडिओजने केलेला हा गेम २००६ च्या नोव्हेंबरात आला. अॅशेस मालिका हे त्याचे मुख्य आकर्षण होते. भारतीय खेळाडूंची खरी नावे वापरण्याचा परवाना नसल्याने ती विचित्रपणे बदललेली होती. परीक्षणे कोमट आली. कंपनीने त्यानंतर या मालिकेतला नवा गेम काढलाच नाही. पण आपल्याकडे तो मेला नाही. हौशी मुलांनी नावे दुरुस्त केली, पोशाख बदलले, नवी मैदाने बसवली, आयपीएलचे संघ घातले. वर्षानुवर्षे या सुधारणा हातोहात फिरत राहिल्या. समीक्षकाने तयार वस्तूला गुण दिले होते. येथील मुलांनी तिला कच्चा माल मानले. लोककलेत संहिता एकाची आणि खेळ प्रत्येक फडाचा वेगळा असतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा आल्यावर, म्हणजे २०१६ नंतर, चित्र पुन्हा बदलले. सिंगापूरच्या गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ गावोगाव पोचला, त्याचे मोठे कारण तो कमी क्षमतेच्या फोनवर चालतो हे होते. पश्चिमेतील मोठ्या नियतकालिकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यावर भारतात बंदी आली, तेव्हा ज्यांच्या हातातून तो गेला त्यांच्यासाठी त्याचे एकही गंभीर परीक्षण आपल्या भाषेत नव्हते. ‘सायबरपंक’च्या वेळचा मुद्दा येथे परत येतो. परीक्षक ज्या यंत्रावर, ज्या वेगाच्या जोडणीवर, ज्या खिशातून खेळतो, ते वाचकाचे नसेल, तर त्याचा निकाल वाचकाचा कसा होणार?

पुण्याची ‘राजी’, टोरांटोची ‘वेणबा’

आपल्याच मातीतला गेम जागतिक समीक्षेसमोर गेला तेव्हा काय झाले, हेही पाहायला हवे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पुढे एपिक कंपनीच्या अनुदानाचा आधार मिळाला. सर्कशीत काम करणारी राजी ही मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि निवेदन करणारे विष्णू व दुर्गा. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रांचा प्रभाव, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा असे त्याचे रूप. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत तो होता.

परीक्षणांचा एकूण सूर असा : दृश्यरूप देखणे, संगीत छान, जग ताजे, पण लढाई अडखळती, उड्या मारण्यात नेमकेपणा नाही, गेम चार-पाच तासांत संपतो आणि शेवट अचानक येतो. हे दोष खरे आहेत आणि ते दाखवल्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. आपल्या पुराणांवरचा गेम आहे म्हणून पाच गुण जास्त मागणे हा त्या कारागिरांचाच अपमान ठरेल. मात्र त्या परीक्षणांना काही प्रश्न विचारताच येणार नव्हते. विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादाचा बाज आपल्या कीर्तन-आख्यानाच्या परंपरेशी जुळतो का? छायाबाहुल्यांची कथा सांगण्याची रीत येथे केवळ शोभेला आली आहे, की गोष्टीच्या अंगात भिनली आहे? पात्रे सुरुवातीला इंग्रजीतच बोलत होती, हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. भाषा बदलल्यावर गेमचा स्वर बदलला का? हे प्रश्न आपले आहेत आणि ते आपण विचारले नाहीत.

यासोबत ‘वेणबा’ ठेवून पाहावा. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा हा गेम २०२३ साली आला. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात गेलेले कुटुंब, फाटत चाललेली आईची पाककृतींची वही, आणि पुसट झालेल्या ओळी ओळखून पदार्थ करायचे, एवढाच खेळ. इडलीपात्रात कोणती थाळी कशी ठेवायची, हे कोडे खेळणाऱ्याने सोडवायचे. तो दीड तासात संपतो. समीक्षकांनी तो उचलून धरला आणि २०२४ साली त्याला बाफ्टाचे पदार्पणाचे पारितोषिक मिळाले. ‘राजी’ला कमी लांबी भोवली, ‘वेणबा’ला फारशी भोवली नाही. फरक असा, की ‘वेणबा’त हाताने करायची कृती आणि सांगायची गोष्ट एकच आहे. मुलगा आईची भाषा विसरत जातो आणि खेळणारा पुसलेली अक्षरे जुळवतो. ‘राजी’त गोष्ट एका बाजूला आणि लढाई दुसऱ्या बाजूला राहते.

समीक्षेचा पाया

गेम ही कला आहे का, हा वाद येथे टाळता येत नाही. अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये ठामपणे नाही म्हटले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी आपण हे बोलायला नको होते, कारण आपण गेम खेळलेलेच नाहीत, अशी माघार घेतली. आपल्याकडे कादंबरीलाही एके काळी रिकामटेकड्यांचा उद्योग म्हटले गेले होते; १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा प्रदीर्घ निबंध लिहून त्या प्रकाराचा गंभीर विचार केला. प्रतिष्ठा मिळाल्यावर समीक्षा होते असे नाही. पुष्कळदा समीक्षा झाली म्हणून प्रतिष्ठा मिळते.

पाया शोधायला मराठवाड्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हे पुस्तक लिहिले. आय. ए. रिचर्ड्स यांचा विचार थोडक्यात असा, की कलेचे मूल्य वस्तूत चिकटलेले नसते. ती वस्तू आस्वादकाच्या मनातील परस्परविरोधी प्रेरणांची जी जुळणी करते, त्या अनुभवात ते असते. हा विचार सर्वांना पटला असे नाही. गेमला मात्र तो विलक्षण लागू पडतो, कारण गेम तर खेळणाऱ्याच्या कृतीवाचून पूर्णच होत नाही.

ल्यूकस पोप यांच्या २०१३ च्या ‘पेपर्स, प्लीज’कडे या दृष्टीने पाहावे. खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून आहे. कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा. चूक झाली तर पगार कापला जातो, घरी मूल आजारी आहे. एका जोडप्यातील नवऱ्याचे कागद बरोबर, बायकोचे अपुरे. शिक्का तुमच्या हातात. कादंबरीत आपण त्या कारकुनाबद्दल वाचले असते. येथे मागे रांग वाढत असताना आपणच तो शिक्का मारतो आणि मारल्यावर स्वतःला काय सांगतो ते ऐकतो. दाखल्यासाठी खिडकीपुढे उभे राहिलेल्या कुणालाही या गेमची भाषा समजावून सांगावी लागणार नाही. चित्रे साधी, आवाज साधा. रकाने पाडून गुण दिले तर दोन रकान्यांत तो नापास होईल, आणि तरीही तो गेल्या दशकातील महत्त्वाचा गेम आहे. २०१९ चा ‘डिस्को इलिझियम’ हेही असेच उदाहरण. त्याचा मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ हा एस्टोनियन कादंबरीकार. छापील कादंबरी फारशी कुणी वाचली नाही, म्हणून त्याने तेच जग गेममध्ये मांडले. दहा लाखांहून अधिक शब्दांचा हा गेम म्हणजे खेळत खेळत वाचायची कादंबरीच आहे.

एवढ्या निकालांच्या मागोव्यातून मराठी परीक्षणासाठी काही प्रश्न हाती येतात. हा गेम खेळणाऱ्याला कोणती कृती पुन्हा पुन्हा करायला लावतो, आणि त्या कृतीचा गोष्टीशी संबंध काय? तो आठ-दहा हजारांच्या फोनवर चालतो का? फुकट म्हणून आत घेतल्यावर तो पैसे कुठे मागतो, आणि ‘आणखी एकच डाव’ ही ओढ कौशल्यातून निर्माण होते की नशिबाच्या पेटीतून? त्याची भाषा कोणती, आणि त्या भाषेबाहेरच्या मुलाला तो किती कळतो? आज खेळलेली आवृत्ती कोणती, आणि सहा महिन्यांनी परीक्षण पुन्हा लिहावे लागेल का? शेवटचा प्रश्न आकड्याचा. ‘युरोगेमर’ने २०१५ साली गुण देणे बंद केले आणि २०२३ साली पुन्हा सुरू केले. म्हणजे हा वाद तेथेही मिटलेला नाही. मराठीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने निदान पहिली काही वर्षे आकड्याविना लिहावे. कारणे सांगायची सवय आधी लागली, तर आकडा नंतरही देता येईल.

यात पणाला काय लागले आहे, तेही सांगायला हवे. समीक्षा नसेल तर निर्णय घेणे थांबत नाही. ते बंदीच्या, भीतीच्या आणि जाहिरातीच्या हाती जाते. आज एखाद्या घरात मुलाच्या हातातला फोन काढून घेणारे वडील ‘पेपर्स, प्लीज’ आणि पैसे लावायचा जुगारी अॅप यांत फरक करू शकत नाहीत, कारण दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे : गेम. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात ई-स्पोर्ट्स व इतर गेम वेगळे काढले. जो फरक कायद्याला करावासा वाटला, तो वाचकाला समजावून सांगणारे लेखन मराठीत नसावे, हे आपल्या नियतकालिकांना शोभणारे नाही.

कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलांना ‘हे वाच, ते नको’ सांगणारे ग्रंथपाल आणि मास्तर आपल्या गावांत होते. ते पुस्तके वाचलेले असत, म्हणून त्यांचे ऐकले जाई. गेमच्या बाबतीत तसे सांगायचे, तर आधी मुलाच्या शेजारी बसून एक डाव खेळावा लागेल. हरण्याची तयारी ठेवून.